बरा आहे

फार चांगल्या गोष्टीवर बोलणे सोपे असते, आणि फार वाईट गोष्टीवर बोलणे तर त्याहून सोपे. पहिलीला पाहून तोंडातून आपोआप ‘वाहवा’ निघते. दुसरीला पाहून जीभ आपोआप धारदार होते आणि आपण मूळचे किती विनोदी आहोत याचा आपल्यालाच नव्याने साक्षात्कार होतो. खरी पंचाईत होते ती मधल्या गोष्टीची. भाजी आळणी नाही, पण ताटात पुन्हा वाढून घ्यावी अशीही नाही. मुलगा मठ्ठ नाही, पण हुशार म्हणावा असाही नाही. अशा वेळी मराठी माणूस दोन शब्दांच्या आडोशाला उभा राहतो. ‘बरा आहे’ म्हणतो आणि मोकळा होतो.

हा ‘बरा’ शब्द मोठा लबाड आहे. आजाऱ्याविषयी उच्चारला तर घरभर आनंद होतो. नव्या जावयाविषयी उच्चारला आणि विहीणबाईंच्या कानावर गेला, तर दोन घरांचे बोलणे बंद होते. गोव्याकडे ‘बरें’ म्हणजे निखळ चांगले. तिकडे आभार मानायचे झाले तर ‘देव बरें करूं’ म्हणतात. आपल्याकडे मात्र या शब्दाने स्तुतीही होते आणि निंदाही होते, आणि बोलणाऱ्याला नेमके काय म्हणायचे होते ते त्याच्या भुवयांवरून ओळखावे लागते.

शिक्षकाइतका या ‘बऱ्या’चा अनुभव दुसऱ्या कोणाला नसेल. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन बसावे. नव्वद गुणांची उत्तरपत्रिका पाच मिनिटांत हातावेगळी होते. नऊ गुणांची त्याच्याही आधी. रात्र खातात त्या पंचेचाळीस गुणांच्या. तिथे ओळीओळीला थांबावे लागते. या पोराला समजले आहे, की त्याने नुसते घोकले आहे? उत्तर अर्धे राहिले ते वेळ संपला म्हणून, की उत्साह संपला म्हणून? आणि वर्गात बहुसंख्य असतात ती हीच पोरे. आता प्रगतिपुस्तकात वर्णनात्मक नोंदीही कराव्या लागतात. हुशार मुलीची नोंद झरझर उतरते. खोडकर पोराची तर लिहिताना हसू येते. मधल्या पोराच्या नावापाशी मात्र लेखणी अडते. आणि साऱ्या महाराष्ट्रात कोणत्याही शाळेतल्या कोणत्याही पोराला लागू पडावे असे एक वाक्य कागदावर उतरते : ‘प्रगती समाधानकारक.’

कादंबऱ्या लिहिण्याचा उद्योग मी करतो, म्हणून या प्रश्नाची दुसरी बाजूही मला ठाऊक आहे. माझ्या एका कादंबरीवर एका नियतकालिकात साडेतीन ओळींचे परीक्षण आले. शेवटचा शब्द होता ‘वाचनीय’. आता पुस्तक वाचनीय असायचे नाही तर काय चघळनीय असायचे? शिव्या दिल्या असत्या तर मी त्या चार मित्रांना वाचून दाखवल्या असत्या, रागावलो असतो, त्या रागातून आणखी एखादी कादंबरी झाली असती. पण ‘वाचनीय’चे करायचे काय? तो शब्द डोळ्यांत गेलेल्या कुसळासारखा असतो. दिसत नाही आणि सलायचा थांबत नाही.

मधल्या वस्तूंची पारख कशी करावी, हा प्रश्न असा दोन्ही बाजूंनी माझ्या मागे लागलेला असताना त्यावर विचार करणारी माणसे मला सापडली ती अगदी अनपेक्षित जागी. ती व्हिडिओ गेमची परीक्षणे लिहिणारी माणसे होती. वाचकहो, हसू नका. हसलात तरी मला नवल वाटणार नाही, कारण आमच्या घरातही हे ऐकून प्रथम सगळे हसलेच.

मी राहतो इटियाडोहच्या परिसरात. अर्जुनी-मोरगाव तालुक्यात गोठणगावाजवळ गाढवी नदीवर हे धरण आहे. एका अंगाला जंगल, दुसऱ्या अंगाला धानाच्या बांध्या, आणि मध्ये हे पसरलेले पाणी. इथल्या मास्तराचा आणि व्हिडिओ गेमचा काय संबंध, असे कोणी विचारील. पण मोबाइलला जंगल आडवे येत नाही. संध्याकाळी धरणाच्या पाळीवर पोरे बसलेली असतात. समोर सूर्य बुडत असतो, बगळे परतत असतात, आणि पोरांच्या माना मात्र खाली. त्यांच्या हातातल्या त्या चार बोटे रुंद काचेत कुठले तरी शहर जळत असते.

माझी स्वतःचीही या खेळांशी ओळख जुनी आहे. १९९० नंतरच्या त्या वर्षांत टीव्हीला जोडायचा एक डबा मिळे आणि त्यात ‘कॅसेट’ खुपसावी लागे. कॅसेटवर मोठ्या अक्षरांत छापलेले असे, ‘एकात ९९९ खेळ’. प्रत्यक्षात आत खेळ सात-आठच. तेच पुन्हापुन्हा नाव बदलून, कुठे रंग बदलून येत. आम्ही नव्वदाव्या क्रमांकापर्यंत मोठ्या आशेने जात असू आणि तिथे पुन्हा पहिलाच खेळ भेटे. त्या खेळांचे परीक्षण करणारा मला तेव्हा कोणी ठाऊक नव्हता. असता तरी त्याचे ऐकले कोणी असते!

अशीही परीक्षणे असतात हे मला सांगितले ते माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने. तो आता पुण्यात, असे खेळ तयार करणाऱ्या एका कंपनीत चित्रे काढतो. नाटका-सिनेमाची लिहितात तशीच या खेळांचीही परीक्षणे लिहितात, हे त्याच्याकडून कळले आणि मी ती वाचू लागलो. शिक्षक असल्यामुळे माझी पहिली नजर गेली ती अर्थातच गुणांकडे.

ही गुणांची तऱ्हा मोठी गमतीची आहे. जपानात ‘फामित्सू’ नावाचे एक नियतकालिक १९८६ साली निघाले. त्याची पद्धत अशी की एकच खेळ चार परीक्षक तपासतात, प्रत्येक जण दहापैकी गुण देतो आणि बेरीज चाळीसपैकी छापतात. आपल्या बोर्डाचा पेपरसुद्धा इतक्या हातांतून जात नसेल! इंग्रजी परीक्षणांत मात्र दहापैकी एकच आकडा असतो, आणि त्या दहाचा अर्थ आपल्या दहासारखा नाही. आपल्याकडे शंभरात पस्तीस मिळाले की गडी पास. सत्तर मिळाले तर पेढे वाटतात. तिकडे दहापैकी सात म्हणजे ‘बरा आहे’. सहा म्हणजे ‘बरा नाही’. पाचाच्या खाली काय असते ते पाहायला सहसा कोणी उतरतच नाही.

२००१ साली ‘मेटाक्रिटिक’ नावाची एक व्यवस्था सुरू झाली. ती निरनिराळ्या परीक्षकांचे गुण गोळा करून शंभरात सरासरी काढते आणि त्या आकड्याला रंग देते. सिनेमाला एकसष्ट गुण पडले की हिरवा रंग मिळतो. खेळाला तोच हिरवा रंग मिळायला पंचाहत्तर लागतात. म्हणजे पासष्ट गुणांचा सिनेमा हिरव्या रांगेत आणि पासष्ट गुणांचा खेळ पिवळ्या रांगेत! एकाच शाळेत दोन तुकड्यांना दोन नियम लावले, तर पालक दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांच्या दारात उभे राहतील.

आणि हे आकडे नुसते शोभेचे नसतात. ‘फॉलआउट : न्यू व्हेगास’ हा खेळ २०१० साली ‘ऑब्सिडियन’ नावाच्या अमेरिकन कंपनीने केला. सरासरी पंच्याऐंशी पडली तर कंपनीला जादा रक्कम मिळायची, असा करार होता. पडले चौऱ्याऐंशी. ही हकिगत त्या कंपनीच्याच एका संस्थापकाने २०१२ साली सांगितली. आपल्याकडे एखाद-दुसऱ्या गुणासाठी अडणाऱ्या पोराला सवलतीचे गुण देऊन वर काढतात. तिकडे तशी दया नाही. चौऱ्याऐंशी आणि पंच्याऐंशी यांच्यात कोणता फरक असतो, हे मी इतक्या वर्षांच्या तपासणीनंतरही सांगू शकणार नाही. मग तो फरक घरखर्चात मोजण्याची पाळी ज्यांच्यावर आली, त्यांना तो कोणी समजावून सांगितला असेल?

पण चौऱ्याऐंशी म्हणजे काही सुमार नव्हे. सुमाराची खरी शोकांतिका कळायची तर एका अतिशय वाईट खेळाची कथा ऐकली पाहिजे. १९८२ साली ‘ई. टी.’ या गाजलेल्या सिनेमावर अटारी कंपनीने एक खेळ काढला. नाताळच्या बाजारात तो यायलाच हवा होता, म्हणून हॉवर्ड स्कॉट वॉर्शॉ या बिचाऱ्या कारागिराला तो पाच-एक आठवड्यांत उरकावा लागला. खेळ असा झाला की त्यातला नायक उठता-बसता खड्ड्यात पडे. पुढच्या वर्षी कंपनीने न खपलेला माल न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्दो गावाच्या कचराभूमीत पुरून टाकला. इथे कथा संपायची, पण नाही! २०१४ साली लोकांनी ती जागा मुद्दाम उकरली, कॅसेटी वर काढल्या, आणि त्यांतली एक तर वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात जाऊन बसली. जगातला सर्वांत वाईट खेळ म्हणून ज्याला हिणवले, त्याला राजवाड्यात जागा मिळाली. आता सांगा, त्याच वर्षी निघालेल्या एखाद्या साडेसहा गुणांच्या खेळाला कोणी उकरले? त्याला तर कोणी पुरलेसुद्धा नाही. तो नुसता विसरला गेला.

म्हणूनच मला त्या परीक्षकांचे कौतुक वाटते, जे साडेसहा गुणांच्या खेळापुढे पंधरा-पंधरा तास बसतात आणि तो साडेसहाचाच का झाला, याचा शोध घेतात. शिव्यांनी भरलेले परीक्षण वाचायला मजा येते खरी, पण त्यातून खेळापेक्षा परीक्षकाचीच ओळख अधिक होते. मधल्या खेळाचे चांगले परीक्षण मात्र बारकाईने पाहणाऱ्या वैद्यासारखे असते. रोग्याला आधी बोलू देते, मग नेमक्या दुखऱ्या जागी बोट ठेवते.

आपल्या पुण्याचेच उदाहरण घ्या. ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या पुण्याच्या छोट्या कंपनीने २०२० साली ‘राजी’ नावाचा खेळ जगापुढे आणला. राजी ही खेळ करून पोट भरणारी मुलगी. असुर तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, पळवून नेतात. आणि दुर्गेच्या वराने ती त्याच्या शोधात निघते. लोकवर्गणीचा त्यांचा पहिला प्रयत्न फसला होता. तरी माणसे चिकाटीने मागे लागली आणि खेळ पुरा झाला. परीक्षणे आली. महालांची नक्षी, पहाडी चित्रशैलीची झाक, कळसूत्री सावल्यांतून सांगितलेल्या पुराणकथा यांची परीक्षकांनी तोंड भरून स्तुती केली. आणि त्याच परीक्षणांतून हेही लिहिले की लढाईत हात अडखळतो, एकदा दिलेला वार मध्येच आवरता येत नाही, आणि गोष्ट ऐन रंगात येताच संपते. त्याच वर्षी जगभरच्या उत्तम पदार्पणाच्या खेळांत ‘राजी’ला नामांकनही मिळाले. मला यात काहीच विसंगती दिसत नाही. मुलीचे अक्षर मोत्यासारखे आहे आणि तिचे गणित कच्चे आहे, ही दोन्ही वाक्ये एकाच प्रगतिपुस्तकात खरी असू शकतात. दोन्ही लिहिणाऱ्या शिक्षकाने त्या मुलीची वही खरोखर पाहिलेली असते, एवढाच त्याचा अर्थ.

याच्या उलट घडले ते ‘फौजी’चे. २०२० च्या सप्टेंबरात सरकारने पबजीवर बंदी घातली, पोरे पोरकी झाली, आणि लगेच या देशी खेळाची घोषणा झाली. २०२१ च्या प्रजासत्ताकदिनी तो आला. पोरांना हवी होती शंभर जणांची धुमश्चक्री. मिळाली ती गलवान खोऱ्यातली एकट्याची ठोकाठोकी, आणि तीही त्याच त्या चालीची. झाले! पोरांनी एकेका ताऱ्याचा वर्षाव करून त्याची किंमत पाहता पाहता खाली आणली. खेळ सुमार होता हे मान्य. पण तो एक तारा देणाऱ्यांपैकी बहुतेकांची तक्रार एवढीच होती की हा खेळ म्हणजे तो दुसरा खेळ नव्हे. आंब्याच्या झाडाला फणस का लागले नाहीत म्हणून रागावणे, हे काही परीक्षण नव्हे.

परीक्षण कशाला म्हणतात ते आमच्या झाडीपट्टीत पाहावे. दिवाळी आटोपली की गावोगाव मंडई भरते आणि मंडईच्या रात्री नाटक असते. वडशाच्या नाटक कंपन्यांना मग उसंत नसते. रात्री पडदा उघडतो तो पडता पडता पहाट होते. हजारो माणसे थंडीत, अंगावर चादरी लपेटून, शेवटपर्यंत बसतात. आणि खरे परीक्षण होते ते दुसऱ्या दिवशी, धानाच्या खळ्यावर. कोणता अंक रेंगाळला, कोणाचे गाणे सुरात नव्हते, कोणत्या प्रसंगी बायकांनी डोळ्यांना पदर लावला, याचा हिशेब भारा उचलता उचलता होतो. कोणी कोणाला तारे देत नाही. पण पुढच्या वर्षी त्याच कंपनीला बोलवायचे की नाही, ते तिथेच ठरून जाते. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. त्यांनी आयुष्यभर जे हजारो प्रयोग केले, ते याच कठोर परीक्षकांसमोर.

आता त्या माझ्या विद्यार्थ्याची गोष्ट सांगतो. गेल्या वर्षी त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी मोबाइलवर खेळायचा एक लहानसा खेळ केला. त्याची कल्पना याची स्वतःची. धरणातून कालवा निघतो, कालव्याला फाटे फुटतात. खेळणाऱ्याने दारे उघडझाप करून सगळ्या बांध्यांत पाणी पोहोचवायचे. रोवणीच्या दिवसांत आमच्या इटियाडोहच्या कालव्यावर तो लहानाचा मोठा झाला. खेळ त्याला तिथेच सुचला असणार. खेळावर कुठेसे दोन ओळींचे परीक्षण आले : ‘वेळ घालवायला ठीक.’ त्याने ते मला पाठवले आणि खाली लिहिले, ‘सर, यापेक्षा यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तुम्ही खेळून पाहा आणि खरं सांगा. ओळखीचा म्हणून गुण वाढवू नका.’

विद्यार्थ्याने मास्तरला घातलेली ही परीक्षा! मी मुलीचा मोबाइल मागून घेतला आणि तीन संध्याकाळी तो खेळ खेळलो. पाण्याचा आवाज इतका खरा होता की पहिल्या दिवशी मी दोनदा मान वळवून खिडकीकडे पाहिले. कोरडी बांधी पाणी पिताना तिचा रंग कडेकडेने गडद होत जातो, ते तर त्याने डोळ्यांत साठवून आणून तिथे ओतले होते. पहिले दहा टप्पे मी आनंदाने खेळलो. पुढचे दहा केवळ त्याच्यासाठी खेळलो. त्यापुढे हात आपोआप चालू लागले आणि मन उद्याच्या तासिकांचा विचार करू लागले. का, ते काही केल्या मला कळेना.

ते कळले शेजारच्या म्हाताऱ्या शेतकऱ्यामुळे. त्याची शेती कालव्याच्या अगदी शेपटाकडे. तिसऱ्या संध्याकाळी तो ओसरीवर आला, खांद्यावरून वाकून बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, “मास्तर, सगळ्याईच्या बांधीत पानी आलं न भांडन नाई झालं? मंग हा कोनता कालवा म्हनावं जी?”

बस्स! मला हवे होते ते मिळाले. त्या रात्री मी पोराला चार पाने पत्र लिहिले. काय चांगले आहे ते आधी लिहिले, टप्प्यांचे आकडे घालून लिहिले. मग लिहिले की बाबा रे, तुझ्या खेळात पाणी सगळ्यांना पुरते, म्हणून त्यात जीव नाही. आपल्या कालव्याचे पाणी कधी शेपटापर्यंत सुखाने पोहोचले आहे का? वरच्या बांधीवाल्याने दार जरा जास्त वेळ उघडे ठेवले की खालच्याचे पऱ्हे पिवळे पडतात. रात्री कंदील घेऊन धुऱ्यावर बसणारा माणूस तुझ्या खेळात कुठे आहे? तू लहानपणी त्याच धुऱ्यावर जेवणाचा डबा घेऊन जात होतास. पाणी तुला नेमके आठवले. माणसे आणायची राहिली. आणि शेवटी, त्याने मागितले होते म्हणून, गुणही लिहिले : दहापैकी सहा. एकही वाढवला नाही.

आठ दिवस काही उत्तर नाही. घरात म्हणू लागले, दिवाळीच्या तोंडावर पोराला कशाला दुखावलेत? मग एका रात्री त्याचा फोन आला.

“सर, त्या खेळाचं काम कंपनीनं थांबवलं. पत्र यायच्या आधीच थांबवलं होतं.”

मी गप्प राहिलो. चार पानांचे औषध रोगी गेल्यावर पोहोचले होते, त्यावर बोलायचे काय?

“आता मी परदेशातल्या एका मोटारींच्या खेळाची चाकं रंगवतो,” तो पुढे म्हणाला. “पण सर, रात्री त्या शेपटाकडच्या म्हाताऱ्याचं चित्र काढून पाहतोय. कंदील जमला. तोंड जमत नाही.”

“मंडईला ये,” मी म्हणालो. “नाटकाला दोनच रांगा पुढे बसलेला असेल तो. चांगला रात्रभर पाहून घे.”

तो येईल की नाही, कोणास ठाऊक. चाके रंगवायला मुदत असते आणि म्हाताऱ्याच्या तोंडाला मुदत नसते. अशा वेळी चाकांचाच जय होतो, हे मी ओळखून आहे. पण त्या फोननंतर वह्यांचा गठ्ठा पुढे घेतला की मला एक गोष्ट लिहवत नाही, ती म्हणजे ‘प्रगती समाधानकारक’. एका पोराच्या नोंदीत परवा मी लिहिले, ‘भागाकार येतो, बाकी उरली की घाबरतो.’ त्याच्या बापाने ती नोंद वाचली, पोराकडे पाहिले आणि हसून म्हणाला, “हा घरीही असाच आहे, सर.” एवढ्या वर्षांत नोंद वाचून बाप बोलला, तो हा पहिलाच.

आता अंक हातात घेऊन, फराळाचे ताट शेजारी ठेवून, आपण हा लेख वाचत असाल. वाचून झाल्यावर घरातले कोणी विचारीलच, कसा आहे म्हणून. चकली मऊ पडली असेल तर ती मऊ पडली असे जसे सांगता, तसेच माझेही सांगा. कुठे रेंगाळला, कुठे मोहन कमी पडले, ते सांगा. फक्त एक कृपा करा. ‘वाचनीय’ म्हणू नका.